अपघाताविना गेलेले दिवस

माझ्या भावोजींना अख्ख्या कारखान्यात ‘सावधान’ म्हणतात. तोंडावर ‘साहेब’, पाठ वळली की ‘सावधान’. पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या भावोजींचं तोंड कधी पोळलंच नाही, तरी ते जन्मभर फुंकतच आले. स्कूटर पंक्चर झाली तर ढकलत नेतानाही डोक्यावर हेल्मेट. घरात स्टुलावर चढायचं असेल तर ताईने स्टूल धरायचं आणि मी ताईला. त्यांच्या क्वार्टरच्या बाथरूममध्ये ‘फरशी ओली आहे’ अशी पाटी आहे. बाथरूमची फरशी ओली नसेल तर काय, तिच्यावर गाद्यागिरद्या घातलेल्या असतील? पण पाटी आहे, आणि गेली एकवीस वर्षं आहे.

मी त्याच कारखान्यात प्रथमोपचाराच्या खोलीत नर्स आहे. नोकरी भावोजींनीच लावून दिली, आणि मी विसरेन या भीतीने ते अधूनमधून आठवण करून देत असतात. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईच्या माघारी तिनेच मला वाढवलं. त्यामुळे तिच्या नवऱ्याबद्दल मी जे वाईटसाईट बोलेन ते हक्काने बोलेन. दुसऱ्या कुणी बोललेलं मात्र ऐकून घेणार नाही.

कारखान्याच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. वर पक्क्या रंगात लिहिलंय, ‘अपघाताविना गेलेले दिवस’, आणि खाली खडूने आकडा. भावोजी रोज भोंग्याच्या दहा मिनिटं आधी यायचे, कालचा आकडा स्वतःच्या रुमालाने पुसायचे आणि आजचा लिहायचे. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम. आकडा चारशेच्या पुढे गेला तसा मॅनेजर पाहुण्यांना आधी फळा दाखवायला लागला आणि मग मशिनी.

आता हा आकडा चारशेपर्यंत कसा गेला, ते मला विचारा. अपघात कशाला म्हणायचं याची कारखान्याची एक व्याख्या आहे: जखमी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येऊ शकला नाही, तरच तो अपघात. मग काय, कुणाच्या तळव्याला चार टाके पडले तरी दुसऱ्या दिवशी त्याला स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवायचं आणि एका हाताने लेबलं मोजायला द्यायची. माणूस हजर, म्हणजे अपघात नाही. माझ्या वहीत मी लिहायचे, ‘किरकोळ. काम करू शकतो.’ झाकली मूठ सव्वा लाखाची. अशा किती मुठी मी स्वतः पट्टी बांधून झाकल्या, ते आज सांगायचीही लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

भावोजींच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. निवृत्तीबरोबर क्वार्टर जाणार, म्हणून दोघांनी पै पै साठवून दोन खोल्यांचं घर ठरवलं होतं. बाहेरची खोली, आतली खोली आणि उभं राहता येईल एवढं स्वयंपाकघर. खिडकी समोरच्या भिंतीत उघडायची, पण ताई म्हणायची, भिंत तर भिंत, आपल्या खिडकीतली भिंत. थोडे पैसे भरले होते, बाकीचे ताबा घेताना द्यायचे होते. ते बँकेत होते, दोघांच्या नावावर. बँकेचं सगळं भावोजी बघायचे. एवढ्या सावध माणसाच्या हाती पैसे असल्यावर बायकोने काळजी कशाला करायची?

असा हा माणूस फोनवरच्या जुगारात पडला कसा? पडला नाही. पाहणीसाठी उतरला.

झालं असं की जेवणाच्या सुट्टीत मशीनवरची माणसं फोनवर तीन चाकांचा एक खेळ खेळताना दिसायला लागली. बटण दाबलं की तीन चाकं फिरतात, तिन्हींवर एकच चित्र आलं की पैसे. भावोजींचा एकतीस वर्षांचा नियम आहे: कुठलीही नवी मशीन आधी स्वतः तपासायची, मग इतरांना हात लावू द्यायचा. त्यांनी खेळ फोनवर घेतला. पुढे ‘मला अटी मान्य आहेत’ असं आलं. तिथे डोळे मिटून बोट लावायची रीत जगभर आहे. भावोजींनी चष्मा पुसला आणि एक्केचाळीस पानं वाचून काढली. अडतिसाव्या पानावर त्यांना तीळभर अक्षरात एक ओळ सापडली: ‘जबाबदारीने खेळा.’

भावोजी खूश. म्हणजे ही माणसं काळजी घेणारी आहेत! फक्त अक्षरं नियमाप्रमाणे नाहीत. त्यांनी लगेच साइटला पत्र धाडलं की धोक्याची सूचना दहा पावलांवरून वाचता आली पाहिजे, तरी अक्षरांची उंची त्वरित वाढवावी. तीन मिनिटांत उत्तर आलं. ‘आपल्यासारखे जागरूक सदस्य हीच आमची ताकद. कृतज्ञता म्हणून पन्नास फेऱ्या मोफत.’

अक्षर काही वाढलं नाही. पण भावोजींनी त्या उत्तराचं पहिलं वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं होतं. कुठून आलंय ते मात्र सांगितलं नाही. म्हणाले, “बघ, दखल घेतली. एकतीस वर्षांत आपल्या मॅनेजरने माझ्या एका पत्राला तरी उत्तर दिलंय का?”

दिलं नव्हतं, हे खरं. त्यांच्या पत्रांच्या कागदावर मॅनेजर चहाचा कप ठेवतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तिकडे साइट त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होती, ‘मानाचे सदस्य’ म्हणत होती. माणूस पैशाला भुलला असता तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. हा मानाला भुलला, म्हणून जास्त वाईट वाटतं.

पाहणी अकरा महिने चालली. आम्हाला कुणाला पत्ता नाही.

कळलं ते त्यांच्याच काटेकोरपणामुळे. कारखान्यात एक तपकिरी पुठ्ठ्याची वही असते, थोडक्यात टळलेल्या अपघातांची. कुणाच्या डोक्यावर खोकं पडता पडता राहिलं, कुणाची बाही पट्ट्यात जाता जाता वाचली, सगळं त्यात: तारीख, वेळ, कारण, उपाय, नुकसान. महिन्याच्या सभेत मॅनेजर तिच्यावर सही करतो आणि मग ती माझ्याकडे येते. त्या महिन्यात आलेली वही मी चहा पिता पिता उघडली.

‘दिनांक चार. पहाटे ५.४०. दोन घंटा जुळल्या. तिसरी एका घराने हुकली. कारण: बटण घाईने दाबले. उपाय: सावकाश दाबणे.’

‘दिनांक सहा. सातचा आकडा तिन्ही चाकांवर येता येता राहिला. साक्षीदार: कोणी नाही. उपाय: चिकाटी.’

मला वाटलं, कारखान्यात तीन चाकांची नवी मशीन आली असेल. अशी तीस पानं होती. शेवटी मॅनेजरचा शेरा आणि झोकदार सही: ‘समाधानकारक. याच मार्गाने पुढे जावे.’

मग माझं लक्ष ‘नुकसान’ या रकान्याकडे गेलं, आणि चहा तसाच राहिला. जखमेवर लावायच्या कापसाच्या वेष्टनावर मी बेरीज केली. दोनदा केली. ताईची आतली खोली गेली होती.

वही काखेत मारून मी तडक सेफ्टी ऑफिसात गेले. भावोजी एका पाटीला नवा खिळा ठोकत होते, डोळ्यांना गॉगल लावून.

“भावोजी, ही कुठली वही दिलीत सभेत?”

त्यांनी वही बघितली आणि चेहरा उतरला. पण तो पैशापायी नाही. “अरे बापरे! म्हणजे कारखान्याची वही घरी राहिली. या महिन्याचे अहवाल चुकले.”

“अहवाल गेले खड्ड्यात! घराचे पैसे कुठे आहेत?”

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि नव्या कामगाराला समजावतात तसं समजावायला लागले. सगळं नियमात चाललंय म्हणे. रोजची मर्यादा घातलीय. राग आला असेल तर खेळायचं नाही. पाठीला आधार देऊन बसायचं, दर वीस मिनिटांनी डोळ्यांना विश्रांती.

“मर्यादा घातलीत, मग एवढे गेले कसे?”

“मर्यादा एका साइटची असते. एकाच मशीनवर सगळा भार टाकणं धोक्याचं. म्हणून चार साइट घेतल्या.” एक साइट चोवीस तासांची सक्तीची विश्रांती देते, तेव्हा दुसरीवर जायचं, अशी त्यांनी चार साइटींची पाळी लावली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण हे मी ऐकलं होतं. ब्रह्मज्ञानाच्या नियमांनीच पाषाण झालेला माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

“आणि हे बघ,” त्यांचा आवाज खाली आला, डोळे चमकले, “सेफ्टीच्या पुस्तकात काय लिहिलंय? थोडक्यात टळलेल्या घटना वाढायला लागल्या की मोठा अपघात जवळ आला म्हणून समजावं. माझ्या वहीत तीनशे बारा झाल्यात. म्हणजे मोठा नंबर अगदी दारात उभा आहे.”

खोकं डोक्यावर पडता पडता राहिलं की माणूस बाजूला होतो. हा माणूस रोज त्याच जागी जाऊन वर बघत उभा राहत होता. मी म्हणाले, “संध्याकाळी ताईला तुम्ही सांगता, की मी सांगू?”

आम्ही गेलो तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या टेबलाशी मापपट्टी घेऊन बसली होती. नव्या घराच्या पडद्यांचं कापड मोजत होती. भावोजींनी हेल्मेट काढलं नाही.

“अहो, ते काढा तरी. काय झालंय?”

भावोजी खुर्चीच्या कडेवर टेकले. मग एकदम म्हणाले, “आतली खोली गेली.”

“कुठे गेली?”

त्यांनी सांगितलं. साइट, फेऱ्या, वही, सगळं. ताई ऐकता ऐकता मापपट्टी बोटाला गुंडाळत राहिली, पार बोट पांढरं होईस्तोवर. ती रडली असती, भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली आणि कपाटातून घराचा कागद काढून आणला.

“उरलेल्या पैशात एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा येतो. मी उद्या जाऊन तसं ठरवून येते,” ती म्हणाली. “ताब्याला चार महिने आहेत. या कागदावर माझं नाव आहे. त्याखाली तुमचं घालायचं की नाही, ते मी तोवर बघते. नाही घातलं तर तुम्ही तुमची सोय बघा.”

तेहतीस वर्षांच्या संसारात ताईने पहिल्यांदाच काही ‘बघते’ म्हटलं होतं. भावोजींनी तेव्हा कुठे हेल्मेट काढलं.

दुसऱ्या दिवशी ते कामाला लागले. आणि कामाला लागले म्हणजे सेफ्टी ऑफिसरच्या पद्धतीने. कारखान्यात मशीन दुरुस्त करताना आत हात घालावा लागतो. तेव्हा ज्याचा हात आत, त्याने मशीनच्या खटक्यावर स्वतःचं लाल कुलूप लावायचं. त्यावर फोटोची चिठ्ठी: ‘धोका! माझे हात आत आहेत. हे कुलूप काढू नका.’ आणि किल्ली त्याच्याच खिशात. एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली. किल्ली दुसऱ्याला देणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. आमच्याकडच्या एका फिटरने चहाला जाताना मित्राकडे किल्ली दिली, तर भावोजींनी त्याला आठ दिवस बिनपगारी घरी बसवलं होतं.

त्यांनी फोन एका पत्र्याच्या पेटीत ठेवला, पेटीला आपलं लाल कुलूप लावलं, चिठ्ठी अडकवली आणि नियमाप्रमाणे किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली. बोलण्यापुरता ताईने जुना बटणांचा फोन दिला. स्वयंपाकघरात एक छोटा फळा लागला: ‘अपघाताविना गेलेले दिवस.’ रोज सकाळी रुमाल, खडू, आकडा.

पाच झाले, बारा झाले, तेवीस झाले. ताई पडद्याचं कापड परत काढून एका खिडकीच्या मापाने कापायला लागली. बोलताना मधेच हसलीसुद्धा. मलाही वाटलं, सुटलो बाई.

चोविसाव्या दिवशी ती पैसे आपल्या एकटीच्या खात्यात घ्यायला बँकेत गेली. तिथून थेट माझ्या खोलीत आली आणि पासबुक पुढे केलं. तेवीस दिवसांत ओटाही गेला होता. पहाटे ताई उठायच्या आधी भावोजी पेटी उघडत होते आणि पाटी असलेल्या त्या ओल्या फरशीच्या बाथरूममध्ये बसून खेळत होते. मग परत कुलूप, परत चिठ्ठी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि चोरही आपला, जामदारखानाही आपला.

संध्याकाळी ताईने फळ्याकडे बोट दाखवलं. “मग हे तेवीस कसले?”

“अपघात झालेला नाही,” भावोजी म्हणाले. खाली मान, पण ठाम. “व्याख्या बघ. दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं नाही तर अपघात. माझा एकही खाडा नाही. हिला विचार की. ही रोज असंच लिहिते.”

दोघं माझ्याकडे बघायला लागली. मला त्या चार टाक्यांच्या तळव्याची आठवण झाली. लेबलं मोजता मोजता त्याला घेरी आली होती, आणि मी पाणी देऊन परत खुर्चीवर बसवलं होतं. भावोजी खोटं बोलत नव्हते. आम्ही जे रोज करत होतो तेच त्यांनी घरी आणलं होतं.

भावोजींनी मदत मागून बघितली नव्हती असं नाही. साइटवर ‘मदत हवी आहे?’ असं बटण होतं, त्यांनी ते दाबलं होतं. ‘तुम्हाला तुमच्या खेळण्याची काळजी वाटते का?’ असा प्रश्न आला. त्यांनी ‘हो’ म्हटलं. उत्तर आलं, ‘काळजी करू नका! मन प्रसन्न करायला या घ्या दहा फेऱ्या मोफत.’ पोहायला येत नाही म्हटल्यावर आणखी खोल पाण्यात न्यायचा हा प्रकार.

खरा नंबर मला ठाऊक होता. म्हणजे डोळ्यांना ठाऊक होता. जखमी कामगारांना घेऊन मी ज्या सरकारी दवाखान्यात जाते, तिथल्या बाकासमोरच्या भिंतीवर एक कागद वर्षानुवर्षं चिकटवलेला आहे: ‘जुगार सुटत नाही? बोला. नाव सांगायची गरज नाही. पैसे पडत नाहीत.’ अक्षरं चांगली वीतभर आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नंबर उतरवून आणला आणि स्वयंपाकघरात फोन टेबलावर ठेवून, तिघांना ऐकू येईल असा लावला.

पलीकडे एक बाई होत्या. आवाजाने तरुण, पण घाई नाही. भावोजींनी आधी त्यांना विचारलं की हा कॉल प्रशिक्षणासाठी नोंदला जातोय का. त्या म्हणाल्या, नाही. मग भावोजींनी सगळं सांगितलं. बाईंनी एकदाही ‘अरेरे’ केलं नाही आणि एकदाही उपदेश केला नाही. फक्त कामाचं बोलल्या. चारही साइटींना आजच्या आज लेखी कळवा की मला कायमचं बंद करा. एकीला सांगून तीन ठेवू नका. बँकेला सांगा की अशा साइटींना जाणारे पैसे अडवा. उरलेले पैसे बायकोच्या नावावर करा. हरलेले परत मिळवायचा विचार मनात आला की तो आजार बोलतोय असं समजा. आणि दर बुधवारी दवाखान्यात याच त्रासातली माणसं जमतात, तिथे या.

“आणि ती पेटी,” बाई म्हणाल्या, “कल्पना चांगली आहे. फक्त किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्या.”

भावोजी खुर्चीतून उठलेच. “अहो, काय बोलताय? किल्ली दुसऱ्याकडे? हा गुन्हा आहे! मी एका माणसाला यासाठी आठ दिवस घरी बसवलंय.”

“कारखान्यात किल्ली आपल्याकडे का ठेवायची?”

“आपला हात आत असतो. बाहेरून दुसरा कुणी मशीन सुरू करेल, म्हणून.”

“बरोबर. आणि तुमची ही मशीन कोण सुरू करतं?”

एकतीस वर्षं लोकांना हा नियम समजावून सांगितलेल्या माणसाने गळ्यातली किल्ली हातात धरली.

“मी,” ते म्हणाले. आणि रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मी उठून गेले आणि उगाच पाणी आणलं.

त्यांनी किल्ली गळ्यातून काढून ताईपुढे धरली. ताईने हात मागे घेतला. “मी बायको आहे, पहारेकरी नाही. रोज तुम्ही मागणार, रोज मी नाही म्हणणार. मग आपल्यात दुसरं बोलणं काय राहील? दुसरं कुणी बघा.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भावोजी कॅन्टीनमध्ये त्या फिटरच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. “ही ठेव तुझ्याकडे.”

“कसली आहे?”

“माझ्या कुलपाची किल्ली.”

फिटरने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. “नको साहेब. मागे याच कामाचे आठ दिवस घरी बसलोय. बायको अजून काढते.”

“मी जुगार खेळतो,” भावोजी म्हणाले. हळू बोलायचा प्रयत्न केला होता, पण तेवढ्यात चमच्यांचा आवाज थांबला आणि सगळ्यांना ऐकू गेलं. “कुलूप मीच लावतो, मीच काढतो. तुझी चूक झाली होती की नव्हती ते राहू दे, पण मला आता माझी भीड न ठेवणारा माणूस हवा. तू मला किल्ली देणार नाहीस.”

फिटरने घास संपवला. “लिहून द्या,” म्हणाला.

भावोजींनी लिहून दिलं: ‘ही किल्ली मी मागितली तरी देऊ नये. ओरडलो तरी देऊ नये. काहीही कारण सांगितले तरी देऊ नये.’ खाली सही, तारीख, हुद्दा. तिसऱ्याच दिवशी ते फिटरकडे गेले आणि म्हणाले, पेटीतल्या फोनमध्ये घराचे फोटो आहेत, जरा बघायचेत. फिटरने चिठ्ठी उलगडून दाखवली.

साइट बंद करायला मात्र घाम निघाला. उघडताना एक बोट पुरलं होतं. बंद करायला प्रत्येकीचे दोन दोन तक्ते आणि ‘आपण खरंच जाताय?’ हा प्रश्न चारदा. एकीने तर निरोपादाखल फेऱ्या देऊ केल्या. बुधवारच्या बैठकीला भावोजी जायला लागले. पहिल्या बुधवारी ते स्वतःबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. खुर्च्यांनी मागचा दरवाजा अडलाय एवढं दाखवून दिलं. दुसऱ्या बुधवारी बोलले.

घरचा फळा शून्यावरून परत सुरू झाला होता. ओट्याचे पैसे गेले ते गेलेच. ताईने दागिन्यांतलं काहीतरी मोडून ओटा परत मिळवला. काय मोडलं ते मी विचारलं नाही, तिच्या हाताकडे बघून कळलं. कागद कपाटातच होता, एका नावाचा. आकडा तीस झाला, चाळीस झाला, ताई त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. एकदा तेवीसवर विश्वास ठेवून ती पोळली होती.

तिकडे कारखान्याचा आकडा पाचशेला टेकत होता. पाचशेव्या दिवसासाठी मॅनेजरने मोठा कापडी फलक छापून घेतला, वरचे साहेब येणार होते. चारशे अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी सकाळी कापायच्या मशीनवरच्या एकाचा अंगठा फाटला. मी सहा टाके घालून घेतले. मॅनेजर स्वतः माझ्या खोलीत आला. म्हणाला, “स्टोअरमध्ये खुर्ची टाकायला सांगितलीय. तुम्ही लिहा नेहमीसारखं.”

मी त्या माणसाकडे बघितलं. तो पांढराफटक पडला होता आणि तरी ‘चालेल, चालेल’ म्हणत होता. मी लिहिलं: ‘गंभीर. चार दिवस विश्रांती.’ मॅनेजर माझ्यावर जे ओरडला ते इथे लिहीत नाही. मग मी फाटकापाशी गेले. भावोजी तिथे आधीच पोचले होते. मी त्यांच्या हातातला खडू घेतला, चारशे अठ्ठ्याण्णव पुसलं आणि शून्य काढलं. मी गेल्यावरही ते बराच वेळ फळ्यासमोर थांबून राहिले होते, असं पहारेकरी नंतर म्हणाला.

संध्याकाळी मी ताईकडे गेले, ओरडा खाल्लेलं सांगायला. भावोजी माझ्यामागून आले. पायातले बूट न काढता थेट स्वयंपाकघरात गेले. फळ्यावर त्या दिवशी अठ्ठावन्न होतं. त्यांनी रुमाल काढला, अठ्ठावन्न पुसलं आणि शून्य लिहिलं.

ताईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. “किती गेले?”

“काही नाही.”

“खरं सांगा.”

“खरंच काही नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नवी साइट आली होती, पाचवी. वीस फेऱ्या फुकट होत्या. परवा दुपारी. पैसे लागले नाहीत, कामाचा खाडा नाही, कुणी बघितलं नाही.”

“मग शून्य कशाला?”

भावोजी खडूने भरलेल्या बोटांकडे बघत म्हणाले, “हात आत घातला होता.”

ताई त्या शून्याकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं आता सगळं. तिने भांडं खाली ठेवलं, हात पुसले, कपाट उघडलं आणि घराचा कागद आणून टेबलावर पसरला. आपल्या नावाखाली तिने सावकाश भावोजींचं नाव लिहिलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

“सही करा,” ती म्हणाली. “चार पानं आहेत, चष्मा लावून वाचून घ्या आधी.”

भावोजींनी पेन घेतलं आणि न वाचता सही केली.